मातीचीं घरें : समुद्रपूर ते सेवाग्राम

समुद्रपूर हें नांव ऐकून तेथें समुद्र शोधूं पाहणाऱ्या प्रवाशाच्या पदरीं निराशाच यावयाची. वर्धा जिल्ह्याच्या या तालुक्यांत समुद्र असेल तर तो काळ्या मातीचा. जाम येथें नागपूर-हैदराबाद रस्ता सोडून आंत वळलें कीं दोन्ही बाजूंस कापूस, तूर आणि सोयाबीन यांचीं शेतें पसरलेलीं दिसतात. दूरवर गिरडची टेकडी आणि तिच्यावरील शेख फरीद यांचा, हिंदु व मुसलमान दोघांनींहि मानलेला दर्गा. या मुलखांत मोठे राजवाडे नाहींत, किल्ले थोडे, कोरीव लेणीं नाहींत. म्हणून येथें जुनीं घरें पाहण्यासारखीं नाहींत असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. परंतु तो चुकीचा कां, हें समजण्यास आधीं पायांखालची माती पाहिली पाहिजे.

मराठी खेड्यानें जमिनीचे दोन वर्ण मानले आहेत. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. ही नुसती बोलण्याची रीत नव्हे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात हात खोल भेगा पडतात. तिच्यावर उभी केलेली भिंत दोन पावसाळ्यांतच तडकावयाची. वस्तीखालची माती निराळी. पडलेल्या भिंतींचा चुरा, चुलींची राख, गोठ्यांतला गाळ असें पिढ्यान् पिढ्या सांचून ती फिकट व भुसभुशीत झालेली असते. घर पडलें म्हणजे त्याची माती तेथेंच मिसळे आणि नातू त्याच मातीचें नवें घर उभारी. अधूनमधून शेतकरी या पांढरीच्या गाड्या भरून शेतांतहि टाकी, कारण तिच्यांत खताचा कस असे. म्हणजे समुद्रपूर, गिरड किंवा मांडगांव येथील एखाद्या जुन्या घराचें वय विचारण्यांत फारसा अर्थ नसे. भिंत चाळीस वर्षांची असेल. तिची माती चारशें वर्षांची.

असें घर उभें कसें राहत असे? माती भिजवून, तींत कुटार मिसळून, पायांनीं तुडवावयाची. मग तिचे गोळे रचून हातभर उंचीचा थर घालावयाचा आणि तो वाळल्यावरच पुढचा थर. दीड-दोन हात जाडीच्या त्या भिंती उन्हाळ्यांतील दुपारींहि आंत गारवा ठेवीत, आणि वर्धेचा उन्हाळा म्हणजे काय हें ज्यांनीं सोसलें आहे त्यांनाच या गारव्याची किंमत. मोठ्या घरांत छताचा भार भिंतींवर नसे. तो सागवानी खांबांवर आणि मयालांवर असे. त्यामुळें भिंत ढासळली तरी घर उभें राही. छपरावर वासे, बांबू आणि कवेलू. हीं कवेलू कुंभार चाकावर करी: एका टोकास निमुळतें नळकांडें ओढून, तें ओलें असतांनाच उभें कापून त्याचे दोन भाग करावयाचे, वाळवावयाचे आणि भट्टींत भाजावयाचे. एका नळकांड्याचीं दोन कवेलू. एक उताणें, एक पालथें. इतका साधा हिशेब.

परंतु या घराचा खरा स्वभाव असा कीं तें एकदां बांधून कधीं पुरें होत नसे. मृगापूर्वीं कवेलू फेरावीं लागत, कारण वर्षभर माकडांनीं त्यांचा चुराडा केलेला असे. पावसाळा संपला कीं झडीनें खाल्लेल्या भिंतींच्या कडा बुजवून गिलावा करावा लागे. सारवण तर आठवड्याआड, आणि तें घरांतील स्त्रियांच्या हातीं. खांबांच्या बुडाशीं वाळवी लागली आहे कीं काय हें पाहणें सुताराचें काम. घरधनी मेला आणि मुलगे परगांवीं गेले कीं तीन-चार पावसाळ्यांत छप्पर बसे व भिंती विरघळूं लागत. ज्या घराला दरसाल हात मिळत नाहींत तें घर राहत नाहीं.

मालगुजारांचे वाडे हाच न्याय भोगीत आले. वऱ्हाड सोडून मध्यप्रांताच्या या मराठी जिल्ह्यांत मालगुजारी होती. गांवाचा मालगुजार म्हणजे बहुधा गांवांतील सर्वांत मोठ्या वाड्याचा मालक. नक्षीचे सागवानी खांब, चौक, बळद, दुमजली दिवाणखाना असा त्या वाड्यांचा थाट असे. १९५१ सालीं मालगुजारी रद्द झाली. तें योग्यच झालें. परंतु ज्या उत्पन्नावर आणि ज्या बिनमोल वेठीवर ते वाडे तगून होते तीं दोन्ही गेल्यावर वाड्यांचे खांब बाजारांत विकावयास आले. आज या भागांत नव्या वस्तीचें घर सिमेंटचें असतें आणि त्याबद्दल कोणीं नाक मुरडूं नये. ज्या बाईनें चाळीस वर्षें सारवण केलें तिला फरशी हवीशी वाटली तर त्यांत नवल कसलें?

तेव्हां प्रश्न उरतो तो हा कीं जुन्या पद्धतीचें मातीचें घर, राहतें, सारवलेलें, कवेलूंनीं शाकारलेलें, आज जिल्ह्यांत पाहावयास कोठें मिळेल? समुद्रपुराहून त्यासाठीं वायव्येकडे, वर्ध्याच्या बाजूस जावें लागतें. वर्धा शहरापासून सुमारें पांच मैलांवर सेवाग्राम आहे. त्यास लोक तीर्थ म्हणून जातात. घरें म्हणून त्या कुट्यांकडे पाहणारे थोडे.

वर्धा हें शहरच मुळीं आखून वसविलेलें. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. त्याचें ठाणें आरंभीं पुलगांवजवळील कवठा येथें होतें, आणि १८६६ मध्यें पालकवाडी या खेड्याच्या जागीं नवें शहर आखून तें तेथें नेलें. लवकरच रेल्वे आली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें हिंदी कापसाला जो अकस्मात् भाव चढला त्यानें हिंगणघाटच्या कापसाचें नांव परदेशांतहि नेलें, आणि कापसामागोमाग मारवाडी पेढ्या या भागांत स्थिरावल्या. अशाच एका पेढीवर दत्तक आलेला मुलगा म्हणजे जमनालाल बजाज. जुलै १९२८ मध्यें त्यांनीं आपल्या घराण्याचें वर्ध्यांतील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें केलें. त्यांचीच आणखी एक मिळकत म्हणजे शेगांव हें खेडें. त्याची मालगुजारी बव्हंशीं जमनालालजींकडे होती. सेवाग्रामच्या साधेपणाखालीं ही मालगुजारी आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्या साधेपणाचें मोल त्यामुळें कमी होत नाहीं, उलट तें नीट समजतें.

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजीं शेगांवांत राहावयास आले. तत्पूर्वीं ते वर्ध्यास मगनवाडींत होते आणि त्यांच्या शिष्या मीराबेन या खेड्यांत आधींच येऊन राहिल्या होत्या. सहाशेंवर वस्तीच्या त्या गांवांत मोठा भाग अस्पृश्य गणलेल्यांचा. गांधीजींनीं आपला मनोदय गांवकऱ्यांस सांगितला तेव्हां गांवच्या वृद्ध पाटलांनीं त्यांचें स्वागत केलें आणि त्याच दमांत स्पष्ट सांगून टाकलें कीं हरिजनांच्या कार्यांत आपल्याकडून साहाय्य व्हावयाचें नाहीं. त्या पाटलांविषयीं आज कोणी आदरानें बोलत नाहीं, पण एवढें खरें कीं तोंडावर गोड बोलून मागें विरोध करण्यापेक्षां त्यांनीं सरळ मार्ग धरला. आणि गांधीजींनाहि कळलें कीं आपण कोणत्या पांढरीवर घर बांधीत आहों.

घराविषयींची अट अशी होती कीं खर्च पांचशें रुपयांपलीकडे जाऊं नये, सामान जवळपासचें असावें आणि कारागीर गांवचे. आदर्श खेड्यांतील घर पांच मैलांच्या परिघांत मिळणाऱ्या सामानाचें असावें, हा विचार गांधीजींनीं जानेवारी १९३७ मध्यें आपल्या ‘हरिजन’ पत्रांत मांडला. समुद्रपूरच्या कोणाहि सुताराला वा कुंभाराला यांत नवें कांहींच वाटलें नसतें. तो तसेंच घर बांधीत आला होता; त्याला दुसरी सोय नव्हती. नवें होतें तें एवढेंच कीं ज्यास दुसरी सोय होती अशा माणसानें तें आपण होऊन पत्करलें.

पहिलें घर म्हणजे आदिनिवास. जूनच्या मध्यास भर पावसांत चिखल तुडवीत गांधीजी त्यांत राहावयास आले. त्यांची इच्छा एकटें राहण्याची होती. ती एक महिनाहि टिकली नाहीं. त्या एका खोलींत कस्तुरबा, प्यारेलाल, येणारे-जाणारे कार्यकर्ते, आजारी माणसें, खान अब्दुल गफारखान, असे सगळे सामावूं लागले. जुलैमध्यें सत्तावीस वर्षांचे तुकडोजी महाराज येऊन सुमारें महिनाभर राहिले. प्रत्येकाच्या वाट्यास एकेक कोपरा. देशाच्या राजकारणाच्या दृष्टीनें हें चित्र मोठें सुंदर दिसतें. पण साठीच्या घरांत पोंचलेल्या कस्तुरबांस त्या खोलींत वस्त्र बदलावयास आडोसा नव्हता. ही गोष्ट ध्यानांत आली ती जमनालालजींच्या, आणि त्यांनीं शेजारीं एक लहानशी कुटी बांधवून दिली. तीच आज बा कुटी. सेवाग्रामांतील घरांपैकीं जें एका स्त्रीची अडचण ओळखून बांधलें गेलें तें हें; आणि बहुतेक प्रेक्षक तें ओझरतें पाहून पुढें जातात.

ज्या कुटीपाशीं ते थांबतात ती बापू कुटी मूळची बापूंची नव्हे. मीराबेननीं ती स्वतःसाठीं बांधली होती. इंग्रज आरमारांतील एका मोठ्या अधिकाऱ्याची ही कन्या. तिनें त्या मातीच्या भिंतींवर स्वहस्तें ताडाचीं झाडें आणि चरखा यांचीं उठावाचीं चित्रें काढलीं. आदिनिवासांतील गर्दी असह्य झाल्यावर गांधीजी तेथें गेले आणि मीराबेननीं दुसरी जागा पाहिली. पुढें गरजेप्रमाणें तिला जोड मिळत गेली. एक बैठक, एक लहान मेज, मागें टेकावयास फळी, पाहुण्यांसाठीं चटई, बाजूस आजाऱ्याची खोली, मोठेंसें स्नानगृह, आणि भोंवतीं ओसरी. साप धरून दूर सोडण्यासाठीं चिमटा व पेटी तेथें अजून ठेविलेली आहे. व्हाइसरॉयशीं बोलतां यावें म्हणून सरकारनें बसविलेल्या टेलिफोनची जागाहि दिसते.

१९७८ सालीं इव्हान इलिच हा प्रसिद्ध विचारवंत सेवाग्रामीं आला होता. ही कुटी पाहून त्यानें जें भाषण केलें त्यांत तिच्यांतील सात जागा मोजून दाखविल्या आणि विचारलें कीं याहून अधिक माणसाला लागतें तरी काय. त्याचें म्हणणें मार्मिक आहे. पण वर्धेकडील शेतमजुराला हीच कुटी दाखविली तर तो सात जागा मोजून स्तब्ध होईल, आणि कदाचित् म्हणेल कीं आमच्याकडे दोनच होत्या. साधेपणा कोणाच्या तुलनेंत, हा प्रश्न त्या ओसरींत उभें राहिल्यावर मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

शिवाय त्या जागेचा त्रासहि होता. शेगांव सखल, चिखलाचें, डांसांचें. पहिल्याच पावसाळ्यांत गांधीजींना हिंवतापानें गांठलें आणि त्यांना वर्ध्याच्या इस्पितळांत हलवावें लागलें. मीराबेनना विषमज्वर झाला. टपालाचा घोटाळा तर नित्याचा. बुलढाणा जिल्ह्यांत रेल्वेवरचें शेगांव प्रसिद्ध. पत्रें तिकडे जात. अखेर १९४० सालीं गांवाचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें.

परंतु या घरांपैकीं एकाची हकीगत सांगावयाची झाल्यास ती परचुरे कुटीची सांगावी. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. गांधीजींबरोबर येरवड्याच्या तुरुंगांत होते तेव्हांच त्यांना कुष्ठरोग जडलेला होता. पुढें रोग वाढला, घरदार तुटलें, आणि १९३९ सालीं ते एके दिवशीं सेवाग्रामीं येऊन दाखल झाले. आश्रमांत स्त्रिया होत्या, मुलें होतीं. त्या काळीं कुष्ठरोगावर खात्रीचें औषध नव्हतें आणि संसर्गाचें भय आजच्या मानानें फारच मोठें होतें. ज्यानें दुसऱ्यांस आपल्या छपराखालीं घेतलें आहे त्याला एकट्याच्या धैर्यावर हा निर्णय घेतां येत नाहीं. गांधीजींपुढें पेंच होता: या माणसाला नाकारावें तर आजवरचें बोलणें फोल, आणि ठेवून घ्यावें तर इतरांच्या वतीनें धोका पत्करावा. रात्रभर विचार करून त्यांनीं सकाळीं आश्रमवासीयांपुढें गोष्ट मांडली आणि शास्त्रीबुवांना ठेवून घेतलें. त्यांच्यासाठीं कुटी झाली ती गांधीजींच्या कुटीपासून फार दूर नव्हे. गांधीजी रोज तेथें जाऊन त्यांच्या व्रणांची शुश्रूषा करीत, अंग चोळीत. त्या शुश्रूषेचें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल.

छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट म्हणजे कुटीची जागा. खेड्यांत कुष्ठरोग्याची झोपडी कोठें असावयाची हें ठरलेलें: गांवाबाहेर, पाणवठ्यापासून दूर, वाऱ्याच्या उलट दिशेस. पांढरीवर त्याला हक्क नसे. येथें तो पांढरीवर आला. शास्त्रीबुवांची प्रकृति कांहीं काळ सुधारली. मग पुनः ढासळली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम काढलें होतें. शेवटीं शास्त्रीबुवा तेथें गेले आणि १९४५ मध्यें तेथेंच वारले. आश्रमांतील ती कुटी मात्र त्यांच्याच नांवानें राहिली.

जमनालालजींनीं स्वतःकरितां बांधलेलें घरहि अखेर दुसऱ्याच्याच कामास आलें. जमनालालजी फेब्रुवारी १९४२ मध्यें वारले. १९४६ सालीं प्रकृतीच्या कारणानें गांधीजी त्या घरांत राहिले आणि २५ ऑगस्ट १९४६ रोजीं तेथून निघाले. परत यावयाचेंच होतें. परंतु नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली असें होत होत परत येणें राहून गेलें. त्यास आखरी निवास म्हणतात. बिर्लांच्या अतिथिगृहाचें भाग्य वेगळें. १९४५ च्या सुमारास डॉ. सुशीला नय्यर यांनीं तेथें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं पंधरा खाटांचा दवाखाना चालविला. त्याचेंच पुढें कस्तुरबा रुग्णालय झालें आणि १९६९ मध्यें त्यास जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालें. आज समुद्रपूर तालुक्यांतील रोगी मोटारींतून सेवाग्रामला येतात ते बहुतेक त्या रुग्णालयासाठींच. कुट्या पाहण्यास सवड मिळाली तर पाहतात.

आणि पाहतात तेव्हां काय दिसतें? मार्च १९४८ मध्यें नेहरू, विनोबा आदि मंडळी येथें एकत्र जमली त्या वेळच्या भिंती आज जशाच्या तशा आहेत असें कोणीं समजूं नये. मातीची भिंत तशी राहूंच शकत नाहीं. तिचा गिलावा शेंकडों वेळां पडला आणि शेंकडों वेळां नवा चढला. कवेलू फुटलीं आणि बदललीं. बांबू वाळवीनें खाल्ले व नवे आले. मीराबेननीं उठविलेलें ताडाचें झाड राखावयाचें म्हणजे त्याच्या भोंवतालची भिंत हळुवार हातानें पुनः पुनः सारवावयाची. दगडी देवळाला पहारेकरी पुरतो. या कुट्यांना सारवणारीं माणसें लागतात, तीं दरसाल लागतात, आणि असलें काम जाणणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत चाललीं आहेत. चाकावर नळकांडें ओढून कवेलू करणारा कुंभार आतां विरळा. त्याच्या मुलाला त्या धंद्यांत पोट भरत नाहीं. आश्रमाच्या कुंपणापलीकडे सेवाग्रामच्या मूळ वस्तींतहि घरें बदललीं आहेत. गांधीजींनीं ज्या गांवाच्या पद्धतीनें घर बांधलें तें गांव आपल्या पद्धतीनें पुढें गेलें आणि त्यानें मागें ठेवलेली पद्धति पाहुण्याच्या घरांत शिल्लक राहिली.

मृगाच्या अगोदर, रुग्णालयांतील आपल्या माणसाचा डबा घेऊन आलेला समुद्रपूरकडचा एखादा म्हातारा शेतकरी वेळ घालविण्यासाठीं आश्रमांत शिरतो. गांधीजींनीं लावलेल्या पिंपळाखालीं क्षणभर बसतो. मग आदिनिवासाच्या ओसरींत येऊन मान वर करतो. चित्रांकडे नव्हे, फलकांकडे नव्हे, छपराकडे. वाशांवरून नजर फिरवीत तो वळचणीपर्यंत येतो आणि जवळच्या सेवकाला विचारतो कीं येथलीं कवेलू यंदा कोण फेरणार.